नगरपालिका गेली, इमारत राहिली

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सातपूर येते. आज सातपूर म्हटले की कारखाने डोळ्यांसमोर येतात. १९६० नंतरच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि पाहता पाहता गावाचे शहर झाले. या सातपूरला एके काळी स्वतःची नगरपालिका होती, हे तिथल्या शाळेत शिकणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका व आसपासची काही खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. तेव्हापासून सातपूरची वेगळी नगरपालिका उरली नाही. आज सातपूर हा महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक विभाग आहे.

कागदावर नगरपालिका बंद करणे सोपे असते. एक हुकूम निघतो, शिक्के बदलतात, पाटी बदलते. पण नगरपालिका म्हणजे नुसते कागद नव्हेत. तिच्या कचेऱ्या असतात, शाळा असतात, दवाखाने असतात, मंडई असते. हुकूम निघाला म्हणून भिंती काही नाहीशा होत नाहीत! मग अशा इमारतींचे करायचे काय? पाडून टाकायच्या? कुलूप लावून ठेवायच्या? की त्यांना नवे काम द्यायचे? आणि नवे काम द्यायचे ठरले, तर ते त्यांना झेपेल की नाही, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा किंवा हौसेचा नाही. दर पावसाळ्यात आपल्या जुन्या शहरांतून एखादा वाडा, एखादी भिंत कोसळल्याची बातमी येते. त्यात माणसे दगावतात. उलट, आणखी शंभर वर्षे सहज टिकली असती अशी धडधाकट इमारतही 'जुनी झाली' एवढ्याच कारणाने पाडली जाते. दोन्हीही चुकाच. त्या टाळायच्या असतील तर इमारतीचे वय विचारून भागत नाही. तिची प्रकृती तपासावी लागते. ती कशी तपासतात, ते आज पाहू.

एक घर, अनेक बिऱ्हाडे

प्रथम काही उदाहरणे पाहू. नाशिकच्या सराफ बाजारातला सरकारवाडा पेशवेकाळातला. पेशवाई गेल्यावर तो ओस पडला नाही. तेथे सरकारी कचेऱ्या आल्या. १८४० साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही पुष्कळ काळ याच वाड्यात होते. आज हा वाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे. नाशिकच्या एका पोलीस ठाण्याच्या नावातसुद्धा सरकारवाडा आहेच.

मेन रोडवर नाशिकच्या जुन्या नगरपालिकेची इमारत आहे. नगरपालिकेची महापालिका झाली, पुढे मुख्य कार्यालय शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनात गेले आणि मेन रोडच्या इमारतीत विभागीय कार्यालय चालू लागले. म्हणजे काम तेच, फक्त दर्जा बदलला.

आता कोल्हापूरला जाऊ. तिथले टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधले गेले. आराखडा कॅप्टन चार्ल्स मँट या लष्करी इंजिनियरचा. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानी आणि दोन बाजूंना उंच मनोरे अशी ही इमारत गावाच्या सभा-समारंभांसाठी होती. १९४५-४६ च्या सुमारास कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले आणि सातवाहनकाळातल्या वस्तू हाती आल्या. त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्तीही होती. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी आपला व्यापार चालत होता, याचा हा बोलका पुरावा. या वस्तूंसाठी १९४६ साली संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आले. सभागृहाचे संग्रहालय झाले!

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची कथा याहून चटकदार आहे. १८८६ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते ती उघडली, म्हणून तिचे मूळ नाव 'रे मार्केट'. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ती बांधली. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या आठ पाखा. खाली भाजी, तर वरच्या मजल्यावर एके काळी चक्क पुणे नगरपालिकेची कचेरी. आज कचेरी नाही, भाजी मात्र आहे. मंडईचा प्रस्ताव आला त्या काळात जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असे सांगून त्यांनी विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. फुल्यांचा तो प्रश्न मात्र विसरू नका. आपल्याला तो शेवटी पुन्हा लागणार आहे.

काही इमारती मात्र बिऱ्हाड बदलतच नाहीत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली मुंबई महापालिकेची इमारत १८९३ साली पुरी झाली. आजही महापालिकेचा कारभार तेथूनच चालतो.

पहिला प्रश्न : वजन पेलेल का?

इमारतीचे सर्वांत मोठे काम कोणते? वजन पेलणे आणि ते सुखरूप जमिनीत पोचवणे. जुन्या दगडी इमारतीत हे काम भिंती करतात. छपराचे वजन तुळयांवर, तुळयांचे भिंतींवर, भिंतींचे पायावर आणि पायाचे जमिनीवर. म्हणूनच त्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असतात. आजच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत हेच काम खांब आणि तुळया करतात. तिथली भिंत बहुधा केवळ आडोसा असते. नव्या इमारतीत मधली भिंत काढली तर बरेचदा काही बिघडत नाही. जुन्या इमारतीत 'खोली जरा मोठी करू' म्हणून भिंत पाडली, तर वरचा मजला खाली येऊ शकतो. दिसायला दोन्ही भिंतीच, पण कामात केवढा फरक!

कमानीचेही तसेच. दगड ओढ सहन करण्यात कच्चा, पण दाब सहन करण्यात पक्का. लांब दगडी तुळई वजनाने वाकू लागली की तिच्या खालच्या बाजूला ओढ बसते आणि ती तडकते. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात. मधला दगड जितका खाली दाबला जाईल, तितकी कमान घट्ट होते. पण एक अट आहे. कमान आपल्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला रेटा देते. तो अडवायला जाड भिंत किंवा शेजारची कमान हवी. व्हरांड्यातल्या ओळीने उभ्या असलेल्या कमानी एकमेकींचा रेटा अडवून धरतात. टोकाची कमान पाडून तेथे मोटारींसाठी फाटक केले, तर तिच्या शेजारणीचा आधार जातो आणि तडे जायला सुरुवात होते.

आता समजा, नगरपालिकेच्या सभागृहात वाचनालय करायचे आहे. कल्पना छान. पण हिशेब करा. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन येईल असे धरून घर बांधावे, असे भारतीय मानक सांगते. पुस्तकांची कपाटे ओळीने उभी करायची असतील तर हाच आकडा ६०० किलोच्या घरात जातो. म्हणजे तिप्पट! नगरपालिकेच्या दप्तरखान्याचीही हीच गत. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीच्या वह्या, कापडी रुमालात बांधलेली दप्तरे वर्षानुवर्षे एकाच खोलीत साचत जातात. ती खोली वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या लाकडी तुळया हळूहळू वाकतात. म्हणून जाणता इंजिनियर जड वस्तू तळमजल्यावर आणतो आणि वरच्या मजल्यावर माणसे बसवतो.

लंडनचे उदाहरण पाहा. थेम्स नदीच्या काठी लंडनच्या नगरप्रशासनाची 'काउंटी हॉल' नावाची भव्य इमारत आहे. १९८६ साली तिथली ग्रेटर लंडन कौन्सिल ही संस्थाच बरखास्त झाली. आपल्या सातपूरसारखेच झाले म्हणा ना! इमारत मात्र राहिली. पुढे तेथे हॉटेले निघाली आणि १९९७ साली मत्स्यालय उघडले. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. साहजिकच मत्स्यालयाच्या टाक्या इमारतीच्या अगदी खालच्या भागात आहेत.

दुसरा प्रश्न : भिंत श्वास घेते का?

जुन्या भिंतीचे दगड कशाने जोडलेले असतात? चुन्याने. चुन्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की तिच्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू निघतो आणि ५६ ग्रॅम चुना राहतो. या चुन्यावर पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि विरलेला चुना तयार होतो. त्यात वाळू किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, मिसळून बैलाच्या घाणीत मळत. कोठे कोठे त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणीही घालीत.

भिंतीत बसल्यावर हा चुना काय करतो? हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेला कार्बन डाय-ऑक्साइड तो हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो! भट्टीत गमावलेला वायू तो वर्षानुवर्षे परत मिळवत राहतो. म्हणून चुन्याचे बांधकाम जसजसे जुने होते, तसतसे मुरते. बारीक तडा गेला तर आत झिरपलेल्या पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि तड्यात पुन्हा साचून तो बुजवतो. जणू जखमेवर खपली धरते.

चुन्याचा दुसरा गुण म्हणजे त्यातली बारीक छिद्रे. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, चांगलाच घट्ट. पाणी त्यातून सहसा आरपार जात नाही. पण पावसाचे पाणी दरजांतून भिंतीत शिरते आणि जमिनीतली ओलही वर चढते. पाऊस सरला की ही ओल चुन्याच्या दरजांतून आणि गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडते. भिंत 'श्वास घेते' म्हणतात ते याच अर्थाने.

आणि येथेच मोठी चूक होते. दुरुस्ती करायची म्हणून कोणी तरी चुन्याचे पोपडे खरवडून काढतो आणि दरजांत सिमेंट भरतो, वरून सिमेंटचा गिलावा करतो, त्यावर तैलरंग लावतो. भिंत झकास दिसते. पण आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली! पाणी भिंतीत कोंडते. जेथे फट सापडेल तेथे ते बाहेर येते आणि जाताना आपल्यातले क्षार तेथेच सोडते. क्षारांचे स्फटिक वाढू लागले की गिलाव्याला फुगे येतात, ढलप्या पडतात. भिंतीत रोवलेली तुळयांची टोके ओली राहून कुजतात आणि वाळवीला आयते निमंत्रण मिळते. तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते, पण भिंतीतले तिचे टोक भुसा झालेले असते. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते असे. जुनी इमारत पुष्कळदा म्हातारपणाने पडत नाही, चुकीच्या दुरुस्तीने पडते.

काँक्रीटचे दुखणे उलटे

"पण आमच्या सातपुरात असल्या दगडी इमारती कुठे आहेत? सगळे सिमेंट-काँक्रीटच," असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत महाराष्ट्रात गावोगावी बांधलेल्या कचेऱ्या, शाळा, दवाखाने बहुतेक काँक्रीटचेच. त्याही आता पन्नाशी-साठीला आल्या. त्यांचे दुखणे मात्र वेगळे आणि मोठे चमत्कारिक आहे.

काँक्रीट दाबाला पक्के, ओढीला कच्चे. म्हणून ओढ बसते तेथे पोलादी सळया घालतात. पोलाद गंजते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग काँक्रीटमधली सळई का गंजत नाही? कारण ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२ ते १३ असतो. अशा परिस्थितीत सळईवर एक अत्यंत पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तिला गंज धरत नाही.

आता हवेतला तो कार्बन डाय-ऑक्साइड आठवा. तो काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि आतल्या चुन्याशी संयोग पावतो. पीएच ९ च्याही खाली येतो. सळईचे चिलखत गळून पडते. त्यात पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. सळई आतून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पाडते. गंमत पाहा, जो वायू चुन्याच्या भिंतीला बळकटी देतो, तोच काँक्रीटमधल्या सळईचे कवच काढून घेतो!

हा वायू किती वेगाने आत जातो? जितके खोल जावे तितका त्याचा वेग मंदावतो. साधारण हिशेब असा की दुप्पट खोलीला चौपट वेळ लागतो. समजा, एका इमारतीत पहिला १ सेंटिमीटर ओलांडायला १५ वर्षे लागली, तर २ सेंटिमीटर ओलांडायला ६० वर्षे लागतील. म्हणजे बांधताना सळईवर काँक्रीटचा थर एका सेंटिमीटरने जास्त ठेवला असता, तर पंचेचाळीस वर्षांची निश्चिंती होती. गवंड्याचा हात त्या दिवशी किती काळजीने चालला, यावर इमारतीचे आयुष्य ठरते ते असे.

अशा इमारतीची तपासणीही डॉक्टरी तपासणीसारखीच असते. स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर आपटतात आणि तो किती मागे उसळतो त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा अजमावतात. काँक्रीटमधून श्राव्यातीत ध्वनिलहरी पाठवून त्या किती वेगाने पलीकडे पोचतात ते मोजतात. आत पोकळी किंवा तडा असेल तर लहरींना उशीर होतो. लहानसा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. जो भाग गुलाबी होतो तो अजून अल्कधर्मी, म्हणजे सुरक्षित. जो रंगहीन राहतो तेथवर वायू पोचलेला आहे. ही सारी माहिती हाती आल्यावरच इमारतीला नवे काम द्यायचे की नाही, हे ठरवता येते. पोपडे पडलेल्या स्लॅबला नुसता रंग देऊन त्याखाली मुले बसवणे म्हणजे तापाच्या रोग्याला पावडर लावून शाळेत पाठवण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न : वारा आणि उजेड

जुन्या नगरपालिकेत पाऊल टाकले की उन्हाळ्यातही गार वाटते. असे का? विजेचे पंखे येण्यापूर्वी बांधणाऱ्यांना सारी मदार वाऱ्यावर आणि सावलीवर ठेवावी लागे. जाड दगडी भिंत हळूहळू तापते. दुपारची उष्णता आतल्या बाजूपर्यंत पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर कचेरी सुटून रात्र झालेली असते! छत उंच असते, कारण गरम हवा हलकी होऊन वर जाते. तिला बाहेर जायला छताखाली झरोके ठेवलेले असतात. खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. व्हरांडा भिंतीवर ऊन पडू देत नाही आणि पावसाची झडही अडवतो.

नवे कार्यालय थाटताना काय होते? उंच सभागृहात लाकडी आडोसे घालून लहान लहान खोल्या करतात. छताखाली दुसरे खोटे छत बसवतात. झरोके त्याच्या वर झाकले जातात. व्हरांड्याला काचा लावून तेथे टेबले मांडतात. मग उकाडा होतो. म्हणून वातानुकूलन यंत्र आणतात आणि त्याच्या नळीसाठी भिंतीला भोक पाडतात. फुकट मिळणारा गारवा आपणच बंद केला आणि आता विजेचे बिल भरतो! झरोके आणि व्हरांडे मोकळे ठेवून मांडणी केली असती, तर यातला बराच खर्च वाचला असता.

पाडावे की राखावे?

आता फुल्यांचा प्रश्न पुन्हा आठवू या. सार्वजनिक पैसा कशावर खर्च करावा? जुनी इमारत राखायची ती केवळ सुंदर दिसते म्हणून का?

एक हिशेब असा. सिमेंट करण्यासाठीही चुनखडीच भाजावी लागते, तीही सुमारे १४५० अंशांवर. जगभर माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो, त्यात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. उभ्या इमारतीत लागलेले दगड, विटा, चुना, सिमेंट, पोलाद यांची किंमत आणि त्यांच्यासाठी जळलेले इंधन आपण एकदा मोजून चुकलो आहोत. ती पाडली की हा सारा खर्च राडारोड्याच्या ढिगाऱ्यात जातो आणि नव्या इमारतीसाठी तो पुन्हा करावा लागतो. म्हणून धडधाकट इमारतीला नवे काम देणे ही काटकसरच आहे. वाचलेला पैसा शाळेकडे वळवता येतो.

पण दुसरी बाजूही ध्यानात घ्या. ज्या इमारतीच्या सळया गंजून निम्म्या झाल्या आहेत किंवा जिचा पायाच खचला आहे, ती केवळ आठवणींसाठी उभी ठेवणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे. तपासणीत असे आढळले, तर ती रिकामी करून उतरवणेच योग्य. त्यातही घडीव दगड आणि सागवानी तुळया पुन्हा वापरता येतात.

आणि कधी कधी बिऱ्हाड बदलण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावरही होते. सिंगापूरला १९२९ साली नगरपालिकेची इमारत बांधून झाली. १२ सप्टेंबर १९४५ रोजी तिथल्या जपानी सैन्याने शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या त्या याच इमारतीत. १९५१ साली तिला 'सिटी हॉल' हे नाव मिळाले. आज ती शेजारच्या जुन्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीला जोडलेली आहे आणि २०१५ पासून दोन्ही मिळून सिंगापूरचे राष्ट्रीय कलादालन झाले आहे. जेथे नागरिक आपल्या तक्रारी घेऊन जात, तेथे आज ते चित्रे पाहायला जातात.

तुम्ही करून पाहा

पहिला प्रयोग. हळद पाण्यात कालवून ती एका पांढऱ्या कागदावर फासा आणि कागद वाळवा. त्यावर पानाला लावतात तो ओला चुना बोटभर काडीने लावा. कागद लालभडक होईल. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते याच तत्त्वावर. आता चुन्याचा एक पातळ थर काचेवर पसरून काही आठवडे हवेत ठेवा. मधून मधून पाण्याचा हलका शिडकावा द्या. मग तो खरवडून ओला करा आणि हळदीच्या कागदावर ठेवा. या वेळी लाली कमी दिसेल. का बरे? चुन्याने हवेतला वायू घेतला आणि तो चुनखडी होऊ लागला. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. हात लगेच धुवा. शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्या माणसांना जवळ बसवा.

दुसरा प्रयोग. आपली पाठ्यपुस्तके एकावर एक रचून तराजूवर ठेवा आणि त्यांचे वजन करा. पुस्तकांची एक मीटर लांब रांग किती किलोची होईल, याचा हिशेब करा. पाच फळ्यांच्या कपाटात किती? आता कपाटाखाली किती जागा व्यापली ते मोजून दर चौरस मीटरला किती वजन पडते ते काढा. शाळेचे ग्रंथालय कोणत्या मजल्यावर असावे, याचे उत्तर तुम्हाला आपोआप मिळेल.

तिसरे काम निरीक्षणाचे. आपल्या गावातली एक जुनी सार्वजनिक इमारत निवडा. ती कधी बांधली, पूर्वी तेथे काय चाले आणि आज काय चालते, हे आजी-आजोबांना विचारा. पावसाळ्यात तिच्या भिंतींवर ओल कोठवर चढते, पन्हळी कोठे तुंबतात, तडे कोठे आहेत, झरोके उघडे आहेत की झाकलेले, हे लांबूनच पाहून वहीत टिपा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहा. तडा वाढला असेल तर तो कोणाला तरी कळवण्यासारखा आहे. भिंती मात्र खरवडू नका आणि पडक्या इमारतीत पाऊल टाकू नका.

मित्रांनो, नगरपालिकेची इमारत एका माणसाची नसते, ती साऱ्या गावाच्या पैशांतून उभी राहिलेली असते. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी तुमच्यापैकी कोणी इंजिनियर असेल, कोणी नगरसेवक असेल, बाकीचे मतदार तर असतीलच. 'अमुक जुनी इमारत पाडावी' असा ठराव तेव्हा तुमच्यासमोर येईल. हात वर करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ती वजन पेलते का? तिच्यातली ओल बाहेर पडते का? तिच्यात वारा खेळतो का? उत्तरे 'हो' आली, तर त्या इमारतीला नवे काम शोधून द्या. 'नाही' आली, तर ती दुरुस्त होण्यासारखी आहे का, हे जाणत्यांना विचारा. मगच हात वर करा.